बर्फातल्या दोन नळ्या

नाशिकहून कळवणकडे माणसं कांदा बघायला जातात, सोयरीक जमवायला जातात, वाटेत देवीच्या गडाला हात जोडतात. मी रक्त आणायला गेलो होतो. दोन हजार तीनच्या जानेवारीतली गोष्ट. हातात चिवड्याचा पुडा, खांद्याला थर्माकोलचा डबा आणि डोक्यात राग, एवढंच सामान होतं.

राग कोणावर, ते आधी सांगतो. माझ्या बायकोवर, सुमनवर. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी अंबडच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली आहेत. चूक दिसली की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही, मग ती करणारा जिवंत असो की नसो.

आम्हाला दोन मुलगे. थोरला नीलेश, धाकटा राजू. राजू दोन वर्षांचा झाला तरी चालताना झोकांड्या खायचा. आळीतले लोक हसून म्हणायचे, पोरगं कुठून टाकून आलं? पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल धागे दिसायला लागले, सारखा न्यूमोनिया व्हायचा, दहाव्या वर्षी व्हीलचेअर आली. सोळाव्या वर्षी गेला. जाताना बुद्धी लख्ख होती, माझ्या पेपरातलं शब्दकोडं तोच सोडवायचा.

आजाराचं निदान मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी केलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो आणि तो रोज कुठं ना कुठं तुटतो. उन्हानं तुटतो, एक्स-रेनं तुटतो, पेशीच्या स्वतःच्या कामानंही तुटतो. तुटलं की दुरुस्ती करणारी प्रथिनं धावतात. कातडीची पेशी बिघडली तर ती मरते आणि नवी येते. पण मेंदूतल्या मज्जापेशी जन्मभर त्याच. त्यांना बदली कामगार नाही. त्यांची दुरुस्ती जागेवरच व्हावी लागते. राजूच्या शरीरात तुटल्याची वर्दी देणारं प्रथिनच नव्हतं. म्हणून तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग हळूहळू झिजत गेला. मला आमच्या शॉपमधलं जुनं जर्मन मशीन आठवलं. त्याचे सुटे भाग मिळत नसत आणि ते बंदही ठेवता येत नसे, चालू असतानाच त्याला जपावं लागे. बाई म्हणाल्या, म्हातारपणी विसरभोळेपणाचे जे आजार होतात, त्यांतही अशीच दुरुस्ती कमी पडत असावी असा संशोधकांना संशय आहे.

हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून आला तरच आजार होतो. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त पुढच्या पिढीला देऊ शकतो. म्हणजे मी आणि सुमन दोघंही तो दोष बाळगून होतो. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "थोरल्याचं लग्न कराल तेव्हा नात्यातली मुलगी करू नका. रक्त एक झालं की धोका वाढतो."

आणि सुमननं काय करावं? राजू गेल्यावर सहा महिन्यांत तिनं अंथरूण धरलं आणि हट्टही धरला: नीलेशला माझ्या भावाचीच मुलगी करायची. आमच्याकडे मामाची मुलगी हक्काची मानतात, त्यात नवल नाही. पण हे घर पोळलेलं होतं! मी भांडलो, डॉक्टरबाईंचे शब्द पाठ म्हणून दाखवले. ती एवढंच म्हणायची, "काही होत नाही. मी सांगते ना." शेवटच्या आठवड्यात तिनं माझ्याकडून वचन घेतलं. नीलेशलाही वैशाली आवडत होती. मी हरलो.

आता वैशालीला तिसरा महिना लागला होता. बाई म्हणाल्या, "नीलेशमध्ये दोष असण्याची शक्यता बरीच आहे. वैशालीत असला तर तो तिच्या वडिलांकडून आलेला असणार. गरोदरपणात पेशींचं वागणं बदलतं, म्हणून तिचं स्वतःचं रक्त नको, त्यांचं ताजं रक्त आणा. जिवंत पेशींवर किरण सोडून दुरुस्ती कशी होते ते आम्ही बघतो. पक्का निकाल मिळेलच असं नाही, पण अंदाज येईल." अंदाज वाईट आला तर पोट ठेवायचं की नाही, हे पोरांना ठरवावं लागणार होतं. वैशाली तेव्हापासून जेवत नव्हती. मी आजोबा होणार की नाही, हे दोन नळ्यांवर येऊन ठेपलं होतं.

नानांचं गाव

बसमध्ये वणीनंतर शेजारी एक म्हातारी बसली. बराच वेळ डब्याकडे बघून तिनं विचारलं, "त्यामा काय शे?" कळवणच्या पलीकडे बागलाणात अहिराणी बोलतात, तिकडची असावी. मी म्हटलं, काही नाही, रिकामा आहे. "रिकामा डबा कोन मांडीवर लिसन बसस?" असं म्हणून ती हसली. तिला काय सांगणार!

कळवणच्या स्टँडवर नाना न्यायला आले होते. नाना म्हणजे सुमनचे थोरले भाऊ पुंजाराम, वैशालीचे वडील. साठीचा माणूस, डोक्याला मफलर, अंगात खाकी स्वेटर, बुडाखाली एम-एटी दुचाकी. तिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकलेले. गावातलं दूध संकलन केंद्र गेली वीस वर्षं तेच चालवतात.

"बसा दाजी, मधी बसा. कॅन रिकामे हायेत, घाबरू नका."

दोन कॅनच्या मध्ये पाय फाकवून आठ किलोमीटर गेलो. गिरणेचा पूल ओलांडला की थंडी कानाला चावते. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची लागवड चालली होती. बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या आणि नुकत्या पाणी भरलेल्या वाफ्यांत मागचे डोंगर उलटे पडले होते. मला ते बघायला आवडलं, पण तसं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

घरी वहिनींनी चहा दिला. मला दुधाचा, बाकी सगळ्यांना कोरा. गावभरचं दूध ज्याच्या अंगणात गोळा होतं, त्या घरात कोरा चहा! नाशिकमध्ये पिशवीचं दूध उतू जातं तरी आम्ही लक्ष देत नाही. "दूध डेअरीचं, आपला फक्त वास," नाना म्हणाले. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं डांगर आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं माझे डोळे भरून आले आणि वहिनींना वाटलं मला सुमनची आठवण झाली. मीही ते खोडून काढलं नाही.

रक्ताचं कारण मी मोघमच सांगितलं. मुंबईला तपासणी आहे, वैशालीच्या बाळासाठी चांगलं असतं, एवढंच. खरं सांगायची हिंमत झाली नाही. नानांनी हातातला घास ताटात परत ठेवला, मग म्हणाले, "बहिणीच्या घरानं रगत मागितलं, नाय कसं म्हणू? घ्या की. दोन लिटर घ्या."

सकाळचं दूध

पहाटे साडेपाचला अंगणात गाव जमलं. कळश्या, किटल्या, कॅन. नाना प्रत्येकाचं दूध मापत आणि छोट्या बाटलीत थोडा नमुना घेत. त्या बाटल्या ओळीनं बर्फाच्या पेटीत जात, कारण फॅट मोजेपर्यंत नमुना नासला तर गवळ्याचं नुकसान. पेटीत कळवणहून आणलेली बर्फाची लादी होती आणि वरून मूठभर खडेमीठ, म्हणजे गारठा जास्त टिकतो. वीस वर्षांत एकही नमुना नासला नाही, हे मला तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं.

सहा वाजता कळवणचा लॅबवाला मोटरसायकलवर आला. नानांनी हिशेबाच्या वहीवरून नजर न काढता डावा हात पुढे केला. हिरव्या बुचाच्या दोन नळ्या भरल्या. लॅबवाला गेला. मला आंघोळ करून आठच्या बसला निघायचं होतं. रात्रीपर्यंत रक्त मुंबईत पोचणार होतं. मी नळ्या नानांच्या हाती दिल्या आणि म्हणालो, "जपा हं. नासता कामा नये."

हीच माझी चूक. डबा थर्माकोलचा होता तो रक्ताला थंडी लागू नये म्हणून. बाईंनी दोनदा सांगितलं होतं की पेशी जिवंत हव्यात, बर्फ लावायचा नाही. आणि मी एका दूधवाल्याला सांगितलं होतं, नासता कामा नये.

आंघोळ करून आलो तर डबा ओट्यावर, रिकामा.

"नाना, नळ्या?"

"हायेत की. एकदम झकास ठेवल्यात." त्यांनी पेटी उघडली. म्हशींच्या दुधाच्या बाटल्यांमागे, लादीला खड्डा पाडून, वर मीठ दाबून दोन नळ्या उभ्या होत्या. मी एक उचलली, उलटी केली. रक्त हललं नाही. गोठून कुल्फी झाली होती.

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. गवळी माना खाली घालून आपापल्या किटल्या उचलून गेले. नाना तेवढे उभे राहिले, हातात मिठाची पिशवी घेऊन. "दूध काय, रगत काय, गरमीत नासतंच ना दाजी," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या बाजूनं ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्यानं माझा राग आणखी वाढला.

कळवण, एसटीडी बूथ

पुन्हा एम-एटी, पुन्हा दोन कॅनच्या मध्ये मी. बूथवरून मुंबईला फोन लावला. बूथ म्हणजे लाकडी खोकं. दार लागत नव्हतं, म्हणून नाना बाहेर उभे होते तरी त्यांना सगळं ऐकू जात होतं.

बाई म्हणाल्या, गोठलेलं उपयोगाचं नाही. पुन्हा घ्यायला हरकत नाही, पण किरणांच्या मशीनची पुढची पाळी पंधरा दिवसांनी. मी म्हणालो, "बाई, पंधरा दिवसांनी पोरीला चौथा महिना लागेल. मग पोट पाडायचं झालं तर तिच्या जिवाला त्रास. ती आत्ताच अन्न घेत नाही हो."

मागे वळलो तर नाना खोक्याच्या दारात होते.

"कोनाचं पोट पाडायचं म्हनले तुम्ही?"

मग सांगावंच लागलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून सगळं सांगितलं: राजूचा आजार, दोन बाजूंचा दोष, एक रक्त, धोका. नाना राजूला खांद्यावर घेऊन गड चढले होते, त्यांना आजार माहीत होता. पण दोन्ही बाजूंचं हे गणित त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. मी बोलत असताना ते मफलरची गाठ सोडत होते, बांधत होते.

"माझी पोर उपाशी बसली, अन मी गप बसलो," ते म्हणाले. "दाजी, दुसऱ्यांदा रगत घेऊ नका. माझ्या रगतात तुमच्या कामाचं काय बी नाय."

मला कळेना. ते उठले, हॉटेलच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी गेले. मी मागोमाग गेलो. तिथं, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

माझे सासरे फौजेत होते, देवळाली कॅम्पात तोफखान्यात. त्यांचा एक सोबती होता, लांबचा, वऱ्हाडातला. बायको बाळंतपणात गेलेली. एका अपघातात तोही गेला आणि मागं दोन वर्षांचं पोर राहिलं. नातलगांपैकी कोणी न्यायला आलं नाही. सासऱ्यांनी ते पोर सुटीत गावी आणलं, बायकोच्या ओटीत घातलं आणि गावाला सांगितलं, हा माझा थोरला. गावानं मान डोलावली. सुमन त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली.

"गावात म्हाताऱ्यांना ठाव हाय. पन आजवर कोनी तोंडातून काढलं नाय. आमच्यात ते पाप समजतात, दाजी. एकदा पदरात घेतलं की घेतलं. मानलेला म्हनलं की मेलेल्या बापाला शिवी दिल्यावानी."

"मग काल का नाही बोललात?"

"कशाला बोलू? रगत मागितलं तवाच वाटलं, राजूच्या दुखन्यापायीच असंल. म्हनलं, रगत दिऊ. मशीन आपोआप सांगंल की दोष नाय. पोरीचं काम हुईल अन माझं तोंड बी बंद ऱ्हाईल. अन मीच ते बर्फात घातलं." ते हसले आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. साठ वर्षांचा माणूस टाकीच्या नळाला धरून रडत होता.

माझ्यातला इन्स्पेक्टर अशा वेळीही मरत नाही. मी विचारलं, "याला पुरावा?" विचारल्यावर मला माझीच लाज वाटली. नानांनी मात्र शांतपणे स्वेटरच्या आतलं पाकीट काढलं. त्यात एक पिवळा पडलेला फोटो होता. दोन फौजी, एक माझे सासरे, दुसरा अनोळखी, आणि त्या अनोळखी माणसाच्या कडेवर मूल. त्या माणसाचं कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्या. समोर नाना उभे होते, वेगळा पुरावा नको होता.

राजूच्या निदानाच्या वेळी दवाखान्याचा फॉर्म मी भरला होता. पत्नीचे भाऊ: एक, सख्खे. दुसऱ्यांचे जॉब सूतभर फरकानं रिजेक्ट करणारा मी, एवढं कलम न तपासता पास करून सही ठोकून मोकळा झालो होतो.

"सुमनला हे माहीत होतं?"

"तिला ठाव नसंल तर कोनाला? आईनं मरताना तिलाच सांगितलं व्हतं." नानांनी डोळे पुसले. "राजू गेल्यावर आली व्हती ना, शेवटची. ओसरीवर बसली अन म्हनली, नाना, तुझी वैशी मला दे. डॉक्टर म्हनतो रगतातली नको. मला घरातलीच पाहिजे. तुझ्या पोरीत दोन्ही जमतंय. मी म्हनलो, मंग दाजींना खरं सांगून टाक. तर म्हनली, तुला परकं करून मला सून नको. त्यांना मी बघून घेईन."

तीन वर्षं मी सुमनशी मनात भांडत होतो. ती अडाणी आहे, हट्टी आहे, एका पोराला गमावून तिला अक्कल आली नाही, असलं सगळं मी तिला ऐकवत होतो. डॉक्टरबाईंचं बोलणं माझ्या घरात एकाच माणसाला नीट समजलं होतं आणि तो माणूस मी नव्हतो. मला इतकं हलकं वाटलं की मी टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसलो. नाना घाबरून पाणी आणायला धावले.

दुसरा फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "मग वैशाली या दोषाच्या बाबतीत कोणत्याही परक्या मुलीसारखीच आहे. हा दोष फार विरळा असतो. तिला सांगा, पोटभर जेव." नानांनी माझ्या हातातला रिसीव्हर घेतला आणि कोणाला ते न कळताच तीन वेळा नमस्कार म्हणाले.

मग आम्ही दोघांनी त्या हॉटेलात मिसळ खाल्ली. नाशिकच्या मिसळीपुढे ती काहीच नव्हती, नुसतं तिखट पाणी, पण मी दोन प्लेट खाल्ल्या आणि पाव वर मागितला. निघताना नाना म्हणाले, "डॉक्टरच्या कागदावर लिहा दाजी, तोंडानं बोलू नका. वैशीला बी नको." मी हो म्हणालो.

परत नाशिक

परतीच्या बसमध्ये डबा खरोखरच रिकामा होता. वणीच्या आसपास मी एकदम मोठ्यानं म्हणालो, "चुकलं माझं." पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून विचारलं, "काय चुकलं? उतरायचं व्हतं का?" मी म्हटलं, नाही हो, बरोबर बसमध्ये आहे.

घरी वैशाली दारातच उभी होती. मी म्हणालो, "रिपोर्ट चांगला आहे. तुझ्या बापाचं रक्त एक नंबर." त्या संध्याकाळी तिनं तीन पोळ्या खाल्ल्या आणि नीलेश स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसला.

पुढल्या आठवड्यात मुंबईला गेलो. बाईंनी आमचा वंशवृक्ष काढला आणि नाना व सुमन यांना जोडणारी रेघ खोडरबरानं पुसली. मी म्हणालो, रेघ पुसा, पण नाव तिथंच राहू द्या. त्यांनी नाव राहू दिलं.

हे सगळं आता लिहितो आहे, कारण नानांनीच परवानगी दिली. नात तीन वर्षांची झाली, तेव्हा वाढदिवसाला आलेल्या नानांनी स्वतःच लेकीला जवळ बसवून सांगितलं. वैशाली थोडी रडली आणि मग म्हणाली, "म्हणजे आत्यानं मला मुद्दाम निवडलं?" नाना मला म्हणाले, "लिहा आता खुशाल. फक्त त्या बर्फाचं नका लिहू." तेवढं मी ऐकलं नाही.

नात आता चार वर्षांची आहे. चालत नाही, पळतेच. परवा आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढून, दोन्ही हात पसरून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाली. वैशाली आतून ओरडली, "बाबा, धरा तिला, पडेल!" मी उठलो, दोन पावलं गेलो आणि थांबलो. पोरीचा पाय कुठंही लटपटत नव्हता.

"काही होत नाही," मी म्हणालो. "मी सांगतो ना."